तोंड बाहेर करून लावलेली गाडी

गाडीमास्तरांच्या शिकवणीच्या गाडीत दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा मास्तरांच्या. शिकणाऱ्यानं घाबरून भलतंच काही दाबलं की मास्तर आपल्या बाजूनं गाडी थांबवत आणि लगेच खिडकीबाहेर बघू लागत, गाडी आपल्या मनानंच थांबली असं दाखवून. ज्याला तुम्ही वाचवलंत आणि वाचवलं असं तोंडावर सांगितलंत, तो दुसऱ्या दिवशी शिकायला येत नाही, हे त्यांना धंद्यानं शिकवलं होतं. मात्र पायाला खोड लागली ती लागलीच. घरी जेवताना बायकोचं बोलणं अवघड वळणावर आलं की टेबलाखाली त्यांचा पाय फरशी दाबू लागे. बायको म्हणे, "दाबा, दाबा. मी काही थांबत नाही."

गिअर आणि क्लच पुढचे. पहिल्या दिवशी मास्तर दोनच गोष्टी सांगत. "गाडी लावायची ती तोंड बाहेर करून. येतानाच निघायची सोय करून ठेवायची. आणि दुसरं, जो आपल्या गाडीत बसला त्याला परत आणायचा." अर्ध्या शहरानं हे ऐकलं होतं आणि त्यातल्या बहुतेकांनी परीक्षा झाल्याच्या दुपारी विसरूनही टाकलं होतं. समोरचा चष्मेवाला मास्तरांकडेच शिकला आणि लायसन मिळाल्यावर पहिल्याच फेरीत टपालपेटीवर गेला. "पेटी मधे आली," असं तो अजून सांगतो, आणि तोच माणूस लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतो. औषधाच्या दुकानातली बाई कित्येक वर्षं शिकतच होती. वळण आलं की ती डोळे मिटून घेई. दुसरी कुठली शाळा तिला दारात उभी करत नव्हती, म्हणून ती मास्तरांशी एकनिष्ठ होती.

हे दोन नियम ज्यानं खरे धरले असा विद्यार्थी एकच, मास्तरांचा मुलगा. तो इतक्या सावकाश गाडी चालवायचा की टॅक्सीच्या अड्ड्यावर त्याचं नाव कासव पडलं, आणि त्याच नावावर त्याला काम मिळालं. परदेशातल्या एका मोठ्या वर्तमानपत्राचा बातमीदार शहरात राहायला आला होता. त्याचा पहिला ड्रायव्हर गाडी अशी हाकायचा की बातमी लिहायला माणूस उरेल की नाही याची शंका यावी. बातमीदारानं अड्ड्यावर येऊन विचारलं, तुमच्यात सगळ्यात हळू कोण? सगळ्यांनी हसून एकाच दिशेला बोट दाखवलं.

बातमीदार ताडमाड उंच. घरात त्याचं नाव लंबू पडलं. तो मागे साहेबासारखा बसत नसे, पुढं कासवाशेजारी गुडघे दुमडून बसे. एकदा घरी आला आणि नेमका कासवाच्या आईच्या बुटक्या खुर्चीत बसला, तर गुडघे कानाशी गेले. आई म्हणाली, "अरे, ह्याच्या घरी ह्याला घडी घालून ठेवतात की काय?" कासवानं ते त्याला सांगितलं. लंबू खो खो हसला आणि म्हणाला, घरी बायको मला पलंगावर तिरपा निजवते. तेवढ्यावर आईनं त्याला आपला मानला. आपल्या भाषेतले दोनच शब्द त्याला आले, "आई" आणि "बास", आणि त्या घरात जेवायला बसलेल्या माणसाला तेवढे पुरत.

मग एके दिवशी सकाळी दोघं गेले. लंबूला कुणाला तरी भेटायचं होतं. तो माणूस पुढं आणखी कुणापाशी नेणार होता. कासव उभ्या उभ्याच जेवला म्हणून आईची बोलणी खाऊन निघाला. "संध्याकाळी येतोच की," म्हणाला. संध्याकाळ झाली. दुसरी सकाळही झाली.

त्या सकाळी तपास अधिकारी आला. तोंडात खोकल्याची गोळी, आवाज मऊ, बसताना खुर्ची आधी दुसऱ्याला देणारा. ज्यांना काही काढून घ्यायचं असतं ती माणसं अशीच मोकळ्या हातानं येतात, पण मास्तर त्या दिवशी माणसं ओळखण्याच्या अवस्थेत नव्हते. "गाडी सापडलीय," अधिकारी म्हणाला. "ओळखायला येता का?"

गाडी एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या अंगणात उभी होती. फाटकातून आत शिरलं की डावीकडे, भिंतीला पाठ लावून. मास्तरांनी सगळीकडे नजर फिरवली. काच फुटलेली नाही, रक्त नाही, पोरगा नाही. डोळ्यांसमोर ओळखीचं असं एकच होतं. गाडीचं तोंड रस्त्याकडे होतं. चाकं सरळ, हँडब्रेक ओढलेला, चारी दारांना कुलूप. मास्तरांची छाती भरून आली.

"बघा साहेब," ते म्हणाले, "हे माझ्या पोराचंच काम. मानेवर सुरा धरलेला माणूस अशी गाडी लावेल का? एकदा पुढं घेतलीय, मग मागं, मग चाकं सरळ केलीत. सावकाश, डोकं ठिकाणावर ठेवून लावलीय. आमच्या शाळेचा पहिला नियम आहे हा."

"असं का?" अधिकारी म्हणाला. "म्हणजे त्याच्यावर जबरदस्ती नव्हती म्हणता?"

"मुळीच नाही! आणि किल्ली बघा, आत नाही. बरोबर नेलीय. निघायची पूर्ण सोय."

"निघायची सोय," अधिकारी पुन्हा म्हणाला आणि गोळी या गालातून त्या गालात घेतली. मास्तरांनी त्याला हातवारे करून सगळं समजावलं, आरसा कसा बघायचा तेसुद्धा. परतताना पोलिसांच्या जीपमध्ये कुठंतरी त्यांना आपण काय बोललो ते कळलं. पाय खाली दाबला गेला. जीप चालतच राहिली.

वर्तमानपत्रात आलं की ड्रायव्हरनं गाडी आपखुशीनं, पळण्याच्या तयारीनं लावली होती. घरच्याच माणसानं तसं सांगितलं आहे.

त्यानंतर लंबूची चित्रफीत आली. भिंतीपुढं बसवलेला, गुडघे कानाशी. आईनं ती टीव्हीवर बघितली आणि टीव्हीची वायरच काढून ठेवली. मग पुष्कळ दिवसांनी कोरड्या कालव्यात लंबूचं प्रेत सापडलं. कसं मारलं ते इथं सांगण्याचं कारण नाही. ज्यांनी सांगितलं त्यांनी फार चवीनं सांगितलं. कासव चित्रफितीत नव्हता, कालव्यातही नव्हता. आता हिशोब सरळ होता आणि कुठूनही मांडला तरी उत्तर तेच येई. कासव मेला असेल तर तो प्रामाणिक. जिवंत असेल तर त्यानं लंबूला विकला.

लोकांनी यातलं दुसरं उत्तर पसंत केलं. त्यात बोलायला जास्त होतं. घरी येऊन जाणाऱ्यांचे दोन वर्ग पडले. काही जण सांत्वन करायला येऊन चौकशी करून जात, काही जण चौकशीला येऊन सांत्वन करून जात, आणि दोघंही चहा पिऊनच जात. मग तेही बंद झाले. शाळेतले शिकाऊ एकेक करून दुसरीकडे गेले. "मास्तर, तुमच्याबद्दल काही नाही हो," असं प्रत्येकानं जाताना सांगितलं. चष्मेवाला रस्त्यात दिसला की चष्मा काढून पुसू लागे, म्हणजे बघितलं नाही असं म्हणायची सोय. औषधवाली बाई मात्र येत राहिली. वळणावर डोळे मिटायची तिला सवयच होती.

लंबूची बायको त्याला न्यायला आली तेव्हा मास्तर धुतलेला शर्ट घालून तिच्या हॉटेलवर गेले. खाली पुष्कळ वेळ बसले. शेवटी दुभाषी बाई एकटीच जिन्यानं उतरून आली. "त्यांची भेटायची तयारी नाही," ती म्हणाली आणि मास्तरांच्या बुटांकडे बघत उभी राहिली. मास्तर तिलाच "बरं, बरं" म्हणाले, जणू तिचंच काही चुकलं होतं, आणि घरी आले.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. पोराच्या नावावरचा डाग निघायला हवा होता. आणि तो कशानं निघेल हे ठाऊक असल्यामुळे ते रोज वर्तमानपत्रात, कुठं एखादं बेवारस प्रेत सापडलं का, ते बघत. बापानं काय शोधावं! ते शोधत आणि न सापडल्यावर निराशही होत, आणि मग त्या निराशेची लाज वाटून पेपराची घडी फार व्यवस्थित घालत.

घरात दुसरं माणूस उलट्या दिशेला चाललं होतं. एका दुपारी आई शेंगा सोलत बसली होती.

"अहो, एक विचारू?"

"विचार."

"त्यानं केलं असेल का हो?"

"काय?"

"तेच. लोक म्हणतात ते."

मास्तर उसळले. "आपला मुलगा माणूस विकेल? तू आई आहेस का कोण आहेस त्याची?"

"आई आहे म्हणूनच विचारते. विकला असेल तर कुठंतरी असेल ना तो? दाढी वाढवून, नाव बदलून. वेळेवर जेवत तरी असेल." तिनं टरफलं बाजूला ढकलली. "तुम्ही म्हणता तो सरळ होता. मग सांगा मला, तो सरळ माणूस आज कुठं आहे?"

मास्तरांचा पाय फरशीवर गेला.

"दाबू नका. बोला."

मास्तर एक शेंग उचलून सोलू लागले.

"देव करो आणि तो हरामखोर निघो," आई म्हणाली. "घरात घेईन मी त्याला. आधी मुस्काट फोडीन, आणि मग घरात घेईन."

त्यानंतर ह्या विषयावर दोघं बोलली नाहीत. एकाच छपराखाली एकाला पोरगा मेलेला हवा होता आणि एकीला चोर हवा होता, आणि दोघंही एकमेकांना जेवायला वाढत होती.

ह्याच सुमाराला मुके फोन येऊ लागले. घरातला फोन जुना, नुसता वाजणारा. कोण करतं ते दाखवणारा नव्हता. दुपारी मास्तर शाळेच्या खोलीवर गेले की तो वाजे. आई उचले, आणि पलीकडे कुणी बोलत नसे. मास्तरांना वाटे, तपास अधिकाऱ्याची माणसं असणार, किंवा कुणी टवाळ. आईला एका क्षणात कळलं होतं कोण ते. एकदा मास्तर चष्मा विसरला म्हणून परत आले, तर ती भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात बोलत होती. "बोलू नकोस तू. ऐकत असतील. जेवलास का? तुझी ती निळी बंडी उसवली होती ती मी शिवून ठेवलीय. बरं, ठेव आता. फार वेळ धरू नकोस." फोन ठेवून तिनं वळून बघितलं. "राँग नंबर," म्हणाली. मास्तरांनी चष्मा घेतला आणि गेले. हे फोन सुरू झाल्यापासून तिनं पुन्हा पोटभर जेवायला सुरुवात केली होती, हे त्यांच्या ध्यानात होतं.

वर्षाहून अधिक काळ गेल्यावर खटला उभा राहिला. मुख्य माणसं कुठल्याशा चकमकीत मेली होती किंवा मेली असं सांगण्यात येत होतं. पिंजऱ्यात उभे होते ते उरलेसुरले, आणि त्यात बर्फाच्या कारखान्याचा रखवालदार होता. शिक्षा कमी व्हावी म्हणून त्यानं सगळं सांगायचं कबूल केलं होतं. मास्तर रोज जाऊन शेवटच्या बाकावर बसत. पुढं उजवीकडे लंबूची बायको बसे. नवऱ्याच्या मानानं फारच बुटकी. पुढच्या माणसाच्या खांद्यावरून बघायला तिला मान उंचवावी लागे. शेजारी दुभाषी बाई तिच्या कानाशी सतत कुजबुजत असे.

रखवालदार चहाच्या दुकानात गप्पा मारतो तसा बोलत होता. परदेशी माणसाला आत कसं नेलं, कुठल्या खोलीत बसवलं, सगळं. मग म्हणाला, "ड्रायव्हरला आमच्यातल्या मोठ्यानं सांगितलं, तुझं काम नाही, तू जा. गेला असता तर गेला असता हो. गाडीचं तोंड फाटकाकडेच होतं. बसलाही गाडीत. मी फाटक उघडून उभा. इंजिन चालू केलं त्यानं. मग बंद केलं. खाली उतरला, कुलूप लावलं, दार ओढून बघितलं नीट लागलं का ते. आणि आत येऊन म्हणतो, 'साहेबांचं बोलणं झालं असेल तर निघू आम्ही. घरी वाट बघतात.'"

कोर्टात कुणीतरी हसलं. रखवालदारालाही हसू आलं. "मलापण तेव्हा हसूच आलं. बंदुका बघून असं बोलणारा माणूस बघितला नव्हता. आमच्या त्या मोठ्यानं परत सांगितलं, जा. तर म्हणतो, 'मी आणलंय त्यांना, मीच नेणार.' आणि दारातच उभा राहिला."

"मग?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मग काय? मोठ्याचं डोकं फिरलं. तिथंच, त्याच दिवशी. परदेशी माणसाला ठेवून घ्यायचं होतं. ड्रायव्हरला ठेवून काय करायचं?"

"प्रेत कुठं आहे?"

"नेलं कुणी कुणी. मला सांगितलं नाही. खाणी आहेत तिकडं पुष्कळ."

सरकारी वकील उठून म्हणाले, ड्रायव्हरचा मुद्दा ह्या खटल्यापुरता महत्त्वाचा नाही, पुढं जाऊ या. आणि सगळे पुढं गेले.

मास्तर मागंच राहिले. त्यांची छाती भरून आली होती, अगदी तशीच, कारखान्याच्या अंगणात आली होती तशी. "निघू आम्ही" हे शब्द कुणी रचून सांगितलेले नव्हते. ती चाल, तो सावकाशपणा त्यांच्या घरातला होता. दार ओढून बघणंही घरातलंच. पोरानं दोन्ही नियम पाळले होते. पहिल्यानं त्याला सुटायची वाट करून दिली होती आणि दुसऱ्यानं त्याला त्या वाटेनं जाऊ दिलं नव्हतं. दोन्ही मास्तरांनीच शिकवले होते. भरून आलेली छाती तशीच भरलेली राहिली, आणि तिच्या आत आता श्वास जाईना.

मग त्यांना आठवलं की घरी कुणीतरी फोनची वाट बघत बसलं आहे.

मधल्या सुट्टीत ते बाहेर व्हरांड्यात आले तर लंबूची बायको त्यांच्याकडेच येत होती. मागं दुभाषी बाई. जवळ आल्यावर तिनं मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि भराभर बोलू लागली. डोळे, नाक, सगळं वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

"त्या म्हणतात," दुभाषी बाई म्हणाली, "तुम्ही हॉटेलवर आलात तेव्हा मी खाली आले नाही. त्याची मला आयुष्यभर लाज वाटेल. त्या म्हणतात, तुमचा मुलगा माझ्या नवऱ्याला सोडून गेला नाही. निदान त्याच्यासाठी परत यायला कुणीतरी होतं."

मास्तरांनी मान हलवली.

"त्यांच्या नवऱ्याच्या वर्तमानपत्राच्या इमारतीत एक पाटी लागणार आहे. त्यावर तुमच्या मुलाचं नाव हवं, त्याच आकाराचं, शेजारी. तिकडच्या आणि इथल्या पत्रकारांना त्या आजच सांगणार आहेत. आणि त्यांना आज संध्याकाळी तुमच्या घरी यायचंय. त्याच्या आईच्या पाया... आईला भेटायचंय. स्वतः सांगायचंय."

ज्या गोष्टीसाठी मास्तर वर्षभर बेवारस प्रेतं शोधत होते ती गोष्ट आपल्या पायांनी चालत त्यांच्यापाशी आली होती. मास्तरांनी हात सोडवून घेतला नाही.

"त्यांना सांगा, घरी येऊ नका," ते म्हणाले.

दुभाषी बाई थबकली. "असंच सांगू?"

"असंच सांगा. पाटीवर नाव घालू नका. पत्रकारांना सांगू नका. वकील म्हणाले ना, मुद्दा महत्त्वाचा नाही. तसंच राहू द्या."

लंबूच्या बायकोनं ऐकलं आणि तिचा चेहरा आखडला. तिला वाटलं, हॉटेलचा सूड उगवतायत. तसं तिनं म्हटलंही. मास्तर घाईघाईनं म्हणाले, "नाही, नाही, राग कसला? त्याच्या आईला वाटतं तो जिवंत आहे. त्यानं तुमच्या नवऱ्याला विकला आणि तो पळाला, ह्याच्यावर ती जगतेय. तुम्ही येऊन तो भला होता असं सांगितलंत की तो मेला."

दुभाषी बाईला हे सांगायला वेळ लागला. मधेच ती थांबली, परत सुरू झाली. लंबूची बायको मास्तरांकडे बघत राहिली. मग एकच काहीतरी विचारलं.

"त्या विचारतात, कधीपर्यंत?"

"ती आहे तोवर," मास्तर म्हणाले. "ती गेली की लावा पाटी. मी कळवीन. आणि मी आधी गेलो तर... तर राहू दे."

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी चष्मेवाला उभा होता. कुणाकडून तरी त्यानं ऐकलं होतं. आज चष्मा पुसण्याऐवजी त्यानं तो नीट लावला आणि दोन्ही हात पुढं करून आला.

"मास्तर! ऐकलं मी. पोरानं नाव राखलं हो. आम्हीच नालायक. आत्ता येतो घरी, वहिनींच्या पायावर डोकं..."

"हळू बोल," मास्तर म्हणाले. "आणि ऐक. पळाला तो."

"अहो पण रखवालदार..."

"रखवालदार खोटं बोलतो शिक्षा वाचवायला. पळाला माझा मुलगा. माणूस विकला आणि पळाला. वर्षभर तू सगळ्यांना हेच सांगत होतास ना? तेच सांगत राहा. तुझ्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

चष्मेवाल्याचा जबडा खाली आला. माणसानं आपलं पाप परत घ्यायची तयारी केल्यावर कुणी ते घेऊ देत नाही म्हणजे काय, हे त्याला नवीन होतं.

"मास्तर, लोक तुम्हाला काय म्हणतील?"

"म्हणतात तेच. नवीन काय म्हणणार आहेत? दुसरं कुणी काही वेगळं बोललं तर त्याला तूच गप्प कर. आमच्या दारात हे कुणी बोलता कामा नये." मग मवाळ होऊन म्हणाले, "टपालपेटीचं मी आजवर कुणाला सांगितलं का, की पेटी मधे आली नव्हती म्हणून? तेवढं माझं ऐक."

घरी आई दारातच उभी होती. "काय झालं आज? त्याचं नाव निघालं?"

"निघालं." मास्तर बसले, बूट काढू लागले. "रखवालदार म्हणाला, त्याला त्यांनी जा म्हणून सांगितलं."

"मग?"

"मग तो गाडीत बसला. इंजिन चालू केलं."

"हं."

"मग बंद केलं. उतरला." इथवर सगळं खरं होतं. मास्तरांचा पाय, एक बूट घातलेला, फरशी दाबत होता. "गाडी ओळखू येईल म्हणून तिथंच ठेवली. कुलूप लावलं. आणि चालत गेला."

"चालत?"

"चालत. फाटकातून बाहेर. नंतर त्यांनापण दिसला नाही म्हणे."

आई मटकन बुटक्या खुर्चीत बसली. मग तिच्या तोंडातून हसू फुटलं, आणि ते वाढतच गेलं. "आणि लोक त्याला कासव म्हणतात! निसटला की नाही सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन? सांगत होते ना मी तुम्हाला? तुम्हाला आपलं नाव, नाव, नाव. तोंड पाडून बसू नका हो आता. हरामखोर आहे, पण आपलाच आहे." ती उठली, ताटं घेतली, आणि त्या दिवशी तिनं मास्तरांना आग्रह करकरून वाढलं.

खटला संपला. रखवालदाराला कमी शिक्षा झाली, बाकीच्यांना जास्त. लंबूची बायको परत गेली. शब्द पाळणारी होती; पाटीवर एकच नाव लागलं. तपास अधिकाऱ्याला बढती मिळाली. आणि मुके फोन थांबले. कुणाचे होते ते होते, त्यांचं काम झालं असावं.

आईनं पहिल्यांदा काही म्हटलं नाही. मग म्हणू लागली, "घाबरला असेल निकालानं." मग, "फोन बिघडलाय का बघा ना." मास्तरांनी माणूस बोलावून फोन तपासून घेतला. तो ठीक होता, हेच वाईट होतं. ती दुपारी फोनशेजारी बसे आणि मास्तर संध्याकाळी आले की त्यांच्याकडे असं बघे, जणू ते येताना काहीतरी आणायचं विसरले. तिचं जेवण पुन्हा कमी झालं. कासवाची निळी बंडी तिनं उसवली आणि परत शिवली.

एका दुपारी मास्तर शाळेच्या खोलीत बसले होते. बाहेर औषधवाली बाई गाडीत त्यांची वाट बघत होती. मास्तरांनी टेबलावरच्या फोनवरून घरचा नंबर फिरवला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"हॅलो?"

मास्तरांनी तोंडावर हात दाबून धरला.

"हॅलो," आई पुन्हा म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम उतरून कुजबुजता झाला. "आलास? बोलू नकोस. बोलू नकोस हं. किती दिवस लावलेस रे! जेवलास का?"

मास्तर ऐकत राहिले.

"सगळं कळलं मला. चालत गेलास ते. बरं केलंस. इकडं कुणी काही म्हणत नाही आता. बाबांना भिऊ नकोस. त्यांना वाटायचं तू मेलास. तोंडानं म्हणायचे नाहीत, पण रोज पेपरात प्रेतं शोधायचे, मला दिसत नव्हतं का? मी काही बोलले नाही त्यांना. त्यांचंपण चुकत नाही रे. पण आता समजलंय त्यांना. तू आलास तर मागच्या दारानं ये, मी बघते काय ते."

बाहेर औषधवाली बाई कंटाळली असावी. तिनं हॉर्न दाबला. शिकवणीच्या गाडीचा हॉर्न अर्ध्यातच खोकल्यासारखा अडके; दुरुस्त करायचा म्हणून मास्तरांनी किती वर्षं ठेवला होता.

तो फोनमधूनही गेला.

"हा आपल्या गाडीचा हॉर्न आहे," आई म्हणाली. "तू शाळेपाशी आहेस? इथंच आहेस? कुठून करतोयस रे, समोरच्या दुकानातून? थांब तिथंच. हलू नकोस. मी आले. चप्पल घालते आणि आले."

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. ती तो तसाच टाकून निघाली होती. मास्तरांना तिकडून दार उघडल्याचं ऐकू आलं. बाहेर हॉर्न पुन्हा वाजला. त्यांचा पाय फरशीवर पूर्ण दाबलेला होता, आणि घर तिथून फार लांब नव्हतं.